दोन बोटं गेल्यावर घेतलेला शाईपेन : दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू

पहिलंच सांगून टाकतो, मी पेनाचा शौकीन वगैरे नाही. पेन जमवणारे लोक असतात, एका निबावर तासभर बोलतात, त्यांचे व्हिडिओ घ्यायच्या आधी मी पण बघितले, पण आपला पेनाशी संबंध आयटीआय संपलं तेव्हाच जवळपास संपला होता. पुण्याजवळ भोसरीला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशिनवर काम, शिफ्ट संपली की प्रॉडक्शन शीटवर आकडे टाकायचे, झालं लिखाण. मग नोव्हेंबर २०२३ ला उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, आणि सहा-सात महिन्यांनी मी ६५० रुपये देऊन एबोनाइटचा शाईपेन घेतला. बायको म्हणाली साडेसहाशेचा पेन?? तेव्हा घरात पैशाची काय हालत होती ते मलाच माहीत, त्यामुळे तिचंही चूक नव्हतं. रिव्ह्यू पेनाचा आहे पण मध्ये मध्ये दुसरं येणार, ते टाळता येत नाही.

घेतला कशासाठी ते आधी. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या ऑफिसात फॉर्म भरायचा होता, पट्टी नुकतीच निघालेली. सही करा म्हणाले. मी सवयीनं उजव्या हातात पेन घेतला आणि तो सरळ खाली, टाइल्सवर टक्क आवाज. उचलला, परत खाली. मागे लाईन. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, उगाच नाव ठेवणार नाही, त्यांनी गुपचूप स्टॅम्प पॅड पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "अंगठा द्या दादा, चालतं." डाव्या हाताचा अंगठा दिला. आमच्या घरात शेवटचा अंगठा आजीचा होता. वडील चौथी पास, पण सही अशी करायचे की शेवटच्या अक्षराखाली एक रेघ ओढून वर दोन टिंब, तलाठी पण बघत राहायचा. आणि मी टर्नर ट्रेडचा आयटीआय पास माणूस जांभळा अंगठा घेऊन बसमध्ये उभा. साबणानं दोन दिवस निघाली नाही ती शाई.

कायद्यात एक यादी आहे बरं का, कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं. एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. तीन बोटं ३०, चारी गेली तर ५०, नुसता अंगठा ३०. मी ती यादी पाठ केली होती, रात्री झोप लागायची नाही तेव्हा तेच मनात चालायचं. एक मित्र मला हसवायला म्हणाला, अरे म्हणजे तू अजून ८० टक्के शिल्लक आहेस की, आणि मी हसलो पण. पैशाबद्दल तक्रार नाही, घरी बसलो तेवढे दिवस पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबानं मिळत होते, उशिरा पण मिळाले. पण त्या यादीत शर्टाचं वरचं बटण नाही, लेकीची वेणी नाही, आणि सही तर नाहीच.

दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम होत्या, त्यांनी परातीत तांदूळ घेऊन त्यात हात फिरवायला लावला, रोज दोन वेळा, कारण बोटाच्या थोटकाला साधा कपडा लागला तरी करंट बसायचा. आणि नसलेल्या बोटाला खाज सुटायची, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल, खाजवायचं कुठं? मॅडमनीच सांगितलं की रोज एक पान लिहा, काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा, हात चालला पाहिजे. मी डाव्या हातानं करू का विचारलं तर म्हणाल्या करा, पण उजवा सोडू नका.

तर आधी बॉलपेन. सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली जाड व्हायला. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात धरायचा आणि तळहातावर टेकवायचा, पकड अशी. अडचण अशी की बॉलपेनला दाब लागतो, टोकावरची गोळी कागदावर घासून फिरली तरच शाई येते, आणि दाब देणारं बोट तर गेलंय. दोन ओळी झाल्या की मनगटातून कळ थेट कोपरात. शाईपेनचं काम उलटं आहे, निबेतली बारीक चीर शाई आपोआप खाली ओढते, कागदाला नुसतं टेकलं तरी उमटतं. पेन आडवा पडला तरी चालतो, उभा धरायची गरज नाही. हे मला एका व्हिडिओतून कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी मनपाची बस धरली.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात जाणं म्हणजे वेडेपणा. शाळांचे दिवस, प्रत्येक आईच्या हातात पुस्तकांची यादी, फुटपाथवर वह्यांचे गठ्ठे, ढकलाढकली, आणि मी हात खिशात घालून चाललोय कारण तेव्हा लोकांनी बघितलं की मला नको वाटायचं. दुकानाचं नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. अरुंद दुकान, काचेच्या कपाटात पेन, काउंटरमागे सत्तरीचे काका. मी म्हणलं जाड शाईपेन दाखवा. काकांनी विचारलं कुणासाठी? मी हात बाहेर काढला. त्यांनी बघितलं, काही विचारलं नाही, कसं झालं कधी झालं अरेरे, काही नाही. समोरचा ट्रे उचलून आत ठेवला आणि दुसरा ट्रे आणला. "हे धरून बघा. लिहायचं नंतर, आधी धरा."

चार पेन धरले. धातूचा जड, आणि घामानं सटकतो. प्लास्टिकचा हलका पण बारीक. तिसरा काळा, करंगळीपेक्षा जाड, हाताला गार न लागणारा, जरा खरखरीत. तो एबोनाइट. म्हणजे रबरच, गंधक घालून भट्टीत कडक केलेलं, लेथवर कातून पेन करतात. लेथ म्हणल्यावर मला बरं वाटलं, आपल्यातलं काम आहे. टोपण उघडून वास घेतला तर खरंच हलका रबराचा, गंधकाचा वास. काका सांगत होते की आंध्रात राजमहेंद्रीला असे पेन फार पूर्वीपासून होतात, गांधीजींनी १९३५ मध्ये तिथल्या कारागिराला पेन आवडल्याचं पत्र पाठवलं होतं. गर्दीत गिऱ्हाइकं ताटकळलीत आणि काका गांधीजींवर! शाई म्हणून कॅम्लिनची निळी दौत दिली, आणि तिची पण गोष्ट, की दांडेकर बंधूंनी १९३१ ला शाईच्या पावडरीपासून सुरुवात केली होती. मी निघताना काका म्हणले, "निब फाइन घ्या, मिडियम नको, तुमचा हात आत्ता हळू चालणार, हळू हाताला मिडियम निब डबकं करते." हा सल्ला लाखाचा होता. कुणी घेणार असाल तर लक्षात ठेवा.

आता वापराबद्दल. ह्या पेनात रिफिल नाही, पंप नाही, पुढचा भाग फिरवून काढायचा आणि पोटात ड्रॉपरनं शाई सोडायची. एकदा भरला की मला पंधरा-वीस दिवस जातो, रोज पान-दीड पान लिहून. आट्यांना सिलिकॉन ग्रीस जरासं लावायचं, नाहीतर तिथून शाई झिरपते आणि बोटं निळी. भरताना पेन डाव्या हातात आणि ड्रॉपर उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत, पहिल्या महिन्यात तीन वेळा सांडली, ओट्यावरचा एक डाग अजून आहे, बायको पाहुण्यांना दाखवते. मोठा दोष असा की शाई पाव भागावर आली की पेन ठिपका टाकतो. कारण आत हवा जास्त, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, मग चांगल्या चाललेल्या ओळीवर भदाक् करून थेंब. उपाय एकच, अर्ध्यावर आला की भरून टाका. आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवा, गरम पाणी नको, एबोनाइटचा काळा रंग उडून मळकट होतो (झालाय माझा).

वही हा वेगळाच त्रास. लेकीच्या उरलेल्या वह्यांत लिहायला गेलो तर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, आणि मागच्या पानावर सगळं उमटतं. पातळ कागद. ७० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) पुढचा कागद बघून घ्या, लाँगबुक मिळतात तशा. पण सुरुवातीला मी लिहायचो दुरेघी वहीत, पहिलीच्या मुलांची असते ती. लेक तेव्हा आठवीत, तिनं कित्ता घालून दिला, अ ते ज्ञ, आणि रोज संध्याकाळी लाल पेननं शेरे द्यायची. "ळ सुधारा." "इ बरी आहे." एकदा "पालकांची सही आणा" लिहिलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचे बाहेर आले.

ह्यात एक गोष्ट कळली जी कुठल्या व्हिडिओत नाही. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकलेलं असतं. माझ्या नवीन पकडीत उभी दांडी जमते, आडवी रेघ एकदम मस्त जमते, डावीकडून उजवीकडे ओढायची फक्त. पण गोल वळण आलं की हात अडतो. ग, म, न पटकन आले. ळ, इ, क्ष, ज्ञ यांनी रडवलं. मग मी असं करायला लागलो की आख्खी ओळ बिनरेघेची लिहायची आणि शेवटी एका दमात वरची रेघ ओढायची. ती ओढताना जे वाटतं ना, शटर खाली ओढल्यासारखं, दिवस बंद.

पण लिहायचं काय? पंधरा दिवस मी भाजीचे भाव, बसचे नंबर, पाहुण्यांची नावं लिहिली. मग भाची आली, ती सायकॉलॉजी शिकते, तिनं सांगितलं की मामा, अमेरिकेत पेनेबेकर म्हणून एक जण आहेत, त्यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग छापला होता, चार दिवस रोज १५ मिनिटं, आयुष्यात जे सगळ्यात जास्त लागलं ते लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. ज्यांनी तसं लिहिलं ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. आणि तिनं हे पण सांगितलं की लिहून झाल्या झाल्या लोकांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटतं, तयारी ठेव. हे तिनं सांगितलं म्हणून मी टिकलो, नाहीतर पहिल्याच दिवशी पेन फेकला असता.

पहिल्या दिवशी कंपनी, ठेकेदार, सुपरवायझर. नुसत्या शिव्या, शाई पण भरपूर गेली. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त शिव्या नवीन. जेवलो नाही त्या रात्री. तिसऱ्या दिवशी १५ मिनिटांत ७ ओळी झाल्या कारण हात दुखत होता, म्हणून शिव्या परवडेनात, सरळ जे होतं ते लिहिलं. ६३ टनी प्रेस. ब्लँकिंगची डाय, म्हणजे पत्र्याचे तुकडे कापायचा साचा. सकाळची शिफ्ट, टार्गेट निम्मं बाकी. पुढचा गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असतो तो, तारेनं वर बांधलेला. आणि मग हात थांबला. कारण तार कुणी बांधली? मी बांधली होती. सगळेच बांधायचे, गार्ड खाली असला की माल घालायला वेळ जातो, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा, सगळं खरं आहे, पण त्या दिवशीची तार माझी. सहा महिन्यांत हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, मॅडमना नाही, कुणालाच नाही. "गार्ड मीच बांधला होता." एवढंच वाक्य लिहून मी गच्चीवर जाऊन बसलो.

चौथ्या दिवशी वाटलं होतं आता काही उरलं नाही. बसलो, आणि लिहिता लिहिता आठवलं की ती प्रेस डबल मारत होती. म्हणजे पेडल एकदा दाबलं की एकच स्ट्रोक यायला पाहिजे, पण क्लचची की झिजली किंवा ब्रेक ढिला झाला की न दाबता दुसरा स्ट्रोक येतो. आणि हे मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं होतं, नुसतं तोंडी नाही, शिफ्टच्या वहीत लिहिलं होतं, दोन-तीन दिवस आधी. सहा महिने ही गोष्ट डोक्यातून पार गेली होती, मला फक्त तार आठवायची. जुन्या जोडीदाराला फोन केला, त्यानं त्या पानाचा फोटो पाठवला. "प्रेस नं. ४ डबल मारते. मेंटेनन्सला कळवले." माझं जुनं अक्षर, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं, ळ ला केवढी मस्त गाठ. मी ते मोठं करून करून बघत होतो. पुढं त्याचं काय झालं ते इथं लिहीत नाही, तो विषय वेगळा. फोटोची प्रिंट काढून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवली, आणि खाली नवीन अक्षरात तारेचं वाक्य परत लिहिलं. दोन्ही एका पानावर. त्या रात्री जेवलो.

ह्यानं मी बरा झालो असं म्हणणार नाही. प्रेसचा आवाज ऐकला की अजून मान आखडते, चिखली रोडला वर्कशॉपवरून जाताना रस्ता बदलतो. आणि एक सावध करतो, रोज रोज तेच दुखणं उगाळत बसलात तर ते लिखाण नाही, चिघळवणं आहे, मला मधे महिनाभर तसं झालं होतं. तेव्हा बायकोनं वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी आणल्या. नवऱ्यानं १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला आणि या बाईचं आख्खं जग उलटंपालटं झालं, पण ती सांगते कशी, रडता रडता मधेच अशी फजिती टाकते की आपण फिसकन हसतो. शाळेत न गेलेली बाई! ते वाचून मी माझ्या वहीत हसायचं पण लिहायला लागलो. डाव्या हातानं दाढी करताना मिशी गेली तो दिवस. लग्नात आहेर देताना समोरच्यानं हात मिळवला आणि दचकून दोनदा मिळवला, तो दिवस.

आता दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहे, पगार कमी, पण बसून काम आणि लिहायचं काम. तिथं प्रेसला नवीन पोरं येतात, गावाकडून आलेली, एकोणीस-वीस वर्षांची. त्यांच्यासाठी मी एक वेगळी वही केली, माल चिमट्यानं किंवा चुंबकानं काढायचा, हात डायच्या आत नाही म्हणजे नाही, पेडलवर पाय ठेवून गप्पा नाहीत, डबल मारली की मेन स्विच बंद आणि मग बाकीचं. सुरक्षेच्या भिंतीवर हेच छापील लावलंय, ते कुणी वाचत नाही. माझी वही वाचतात, बहुतेक अक्षरामुळं. एकानं विचारलं, काका हे असं वाकडं का लिहिलंय? मी हात दाखवला. तो त्या दिवसापासून चिमटा विसरत नाही.

तर पेन. पकड पाचपैकी पाच, ज्याच्या हाताला काही झालंय, संधिवात असेल, जखम असेल, त्यानं जाड एबोनाइट एकदा हातात धरून बघाच, ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन धरा. एकूण मार्कांत मात्र ठिपके टाकतो म्हणून एक कमी. खरं सांगायचं तर दहा रुपयांचा जेल पेन पण बॉलपेनपेक्षा खूप हलका चालतो, पैसे नसतील तर त्याला फोम गुंडाळा, काही बिघडत नाही. मला हा आवडतो कारण भरावा लागतो, धुवावा लागतो, मशिनसारखी निगा मागतो, आणि मशिनची निगा राखणं एवढंच मला येत होतं.

आणि बँक. सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून माझा चेक परत आला होता, म्हणून मागच्या महिन्यात नवीन सही नोंदवायला गेलो. दीड वर्षाची प्रॅक्टिस, वडिलांसारखी खाली रेघ आणि वर दोन टिंब. काउंटरवर दोरीला बांधलेला बॉलपेन होता, तो मी बाजूला सारला, खिशातून आपला काढला, टोपण उघडलं, जरा ऐटीतच. फॉर्मचा कागद इतका पातळ की पहिलंच अक्षर फुटलं, टिंबांची झाली दोन डबकी. क्लार्क म्हणाली, "काका, हे स्कॅनला घेणार नाही, बॉलपेननं करा." दुसरा फॉर्म घेतला. मागं उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीनं तिचा जेल पेन दिला, गुलाबी, वर अस्वलाचं डोकं. त्यानं सही केली. रेघ जरा लांब गेली पण टिंब दोन्ही जागेवर आली. मॅडमनी शिक्का मारला आणि विचारलं, आता हीच राहील ना? म्हणलं, हीच.